उसन्या वयाचं घर

थुएनच्या खोलीची मागची भिंत पाचव्यांदा काळी पडली, तेव्हा जून निम्मा सरला होता. हनोईत ऊन मी म्हणत होतं. गल्लीतल्या बायका डोक्यावर ओला टॉवेल घेतल्याशिवाय भाजीला जात नव्हत्या, डांबर चपलेला चिकटत होतं, आणि ही एकटी भिंत मात्र पाझरत होती. जमिनीपासून कमरेपर्यंत हिरवट काळी बुरशी, तिच्या वर पिवळे ओघळ, आणि वास असा की कोपऱ्यात पोतं कुजतंय.

घरमालकीण न्युंग काकू वरचे तीन मजले एकटी अडवून राहायची. वय बासष्ट, विधवा, मुलगा दक्षिणेत नोकरीला. थुएनने तिला खाली बोलावून भिंत दाखवली. तिने पाऊल आत टाकलं नाही, दारातून नुसती मान घातली.

"नोम आहे," ती म्हणाली.

नोम म्हणजे दमट हवा; नव्या वर्षाचा सण, तेट, उरकला की फेब्रुवारी-मार्चात येणारी. तेव्हा अख्ख्या शहराच्या फरशांना घाम फुटतो, धुतलेला मोजा आठवडाभर वाळत नाही, आणि लोक दारंखिडक्या लावून बसतात. त्या दिवसांत ओल सगळ्यांच्याच घरी येते, त्याला मालक तरी काय करणार. मार्चमध्ये काकूने हेच सांगितलं होतं आणि थुएनने मुकाट्याने ऐकलं होतं. एप्रिलमध्येही ऐकलं. पण जूनच्या उन्हात उभं राहून नोम म्हणायला गेंड्याचीच कातडी हवी.

"काकू, समोरच्यांनी सकाळी मुळ्याच्या फोडी वाळत घातल्या, त्या जेवणाआधी कडकडीत झाल्या. नोम कुठून येणार आता?"

"मग तुझी इस्त्री असेल. दिवसभर वाफ सोडत असतोस. तुझ्या आधीचा भाडेकरू मोबाईल दुरुस्त करायचा, त्याच्या वेळी एवढासा ठिपका नव्हता भिंतीवर." तिने नाकाला रुमाल लावला. "खोली वापरायची पण एक पद्धत असते बाबा."

थुएन शिंपी होता. त्राच-सा गावचा, तिथले पुरुष पिढ्यान्‌पिढ्या बायकांचे आओ-दाय शिवत आलेत. लग्नाचे रेशमी अंगरखे तो बुरशीपासून वाचवण्यासाठी छताला टांगून ठेवायचा, आणि रेशमाचं त्याचं तो बघून घेत होता. छताला टांगून ठेवता येत नव्हती ती त्याची मुलगी.

मुलगी सहा वर्षांची. तिला तेप म्हणायचे, म्हणजे बारीक कोळंबी, कारण जन्मली तेव्हा तेवढीच होती. मार्चपासून तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागली. एप्रिलमध्ये दोनदा तिला इस्पितळात नाकावर वाफेचा मुखवटा लावून बसवावं लागलं. डॉक्टरीण बाईंनी विचारलं, घरात बुरशी आहे का? थुएनने फोनमधला फोटो दाखवला. बाईंनी फोटो बघितला, मग त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "या खोलीत पोरीला एक दिवसही झोपवू नका." त्याच संध्याकाळी सोआन, त्याची बायको, तेपला घेऊन गावी गेली. तेव्हापासून संसार दोन जागी.

दुसरी खोली का नाही बघत, असं गल्लीत चारचौघे विचारायचे. सोपं असतं तर बघितली नसती का? सप्टेंबरच्या पाच तारखेला तेपची पहिली इयत्ता सुरू होणार होती. या वॉर्डाच्या सरकारी शाळेत तिला जागा मिळाली होती ती याच घराच्या पत्त्यावर, न्युंग काकूच्या सहीने. पत्ता बदलला की जागा गेली. भिंत वाळली नाही तर पोरगी येत नाही, आणि पोरगी आली नाही तर शाळा हुकते. सगळं त्या एका भिंतीशी येऊन अडलं होतं.

थुएनने होआच मिस्त्रीला आणलं. होआच पन्नाशीचा, कमी बोलणारा. त्याने पारदर्शक प्लास्टिकचा वहीएवढा तुकडा भिंतीवर ठेवला आणि चारी कडांनी चिकटपट्टी मारली.

"तीन दिवस इस्त्री बंद ठेव," तो म्हणाला. "हवेतली ओल असेल तर पाणी प्लास्टिकच्या बाहेरून धरेल. आतून धरलं तर भिंतच ओकतेय."

थुएनने तीन दिवस इस्त्री बंद ठेवली. दोन नवऱ्या मुलींच्या आयांच्या शिव्या खाल्ल्या. चौथ्या दिवशी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे टपोरे थेंब होते आणि बाहेरची बाजू ठणठणीत कोरडी. होआचने वर बोट केलं. "हिच्या मोरीचा पाइप. या भिंतीतूनच उतरतो."

थुएन वर गेला नाही, त्याने काकूलाच खाली आणलं. या वेळी ती आत आली. थेंब बघितले, बोट लावून बघितलं, आणि तिच्या तोंडून नोमही निघाला नाही आणि इस्त्रीही. थुएनला वाटलं, संपलं एकदाचं.

"यंदा नाही जमणार," ती म्हणाली.

"का?"

"माझं बासष्टावं चालू आहे. किम-लाउ. या वयात घराला हातोडा लावायचा नसतो."

"मग पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षीपासून माझ्या राशीची तीन वाईट वर्षं लागतायत."

"म्हणजे माझ्या पोरीने चार वर्षं श्वास रोखून धरायचा?"

"तोंड सांभाळून बोल." काकूचा आवाज पहिल्यांदाच थरथरला. "तीन वर्षांमागे तर तू इथे नव्हतास. आमच्या ह्यांनी असंच वाईट वयात स्वयंपाकघराची भिंत पाडली. लोक नको नको म्हणत होते. हे हसले. त्याच थंडीत भाताचा वाडगा हातात असताना गेले. तुझ्या पोरीचा श्वास आहे, माझा जीव आहे."

ती खोटं बोलत नव्हती, हे थुएनला कळलं, आणि त्यामुळे तो जास्तच चिडला. लबाडीशी भांडता येतं. भीतीशी काय भांडणार? शिवाय या गोष्टी त्याच्याही घरी पाळत होते. गावचं गळकं छप्पर उतरवायला त्याच्या बापाने यंदाचंच वर्ष धरलं होतं, कारण थुएनचं चौतिसावं, बोकडाच्या वर्षातला जन्म, पंचांगात कुठे डाग नाही.

"मग वय उसनं घ्या ना," तो म्हणाला.

"कुणाचं घेऊ? मुलाचंही वाईट चाललंय."

"माझं घ्या."

काकूने त्याच्याकडे बघितलं. दोन वर्षांत तिने त्याला इतकं निरखून पहिल्यांदाच पाहिलं असेल.

वय उसनं घ्यायची रीत गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. मालक घर नावापुरतं विकतो, तसा कागद करतो. ज्याचं वय चांगलं तो मालक होतो, भूमिदेवतेपुढे उदबत्ती लावतो, पहिला घाव घालतो. खरा मालक काम संपेतो घराबाहेर राहतो, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही. काम झालं की घर परत विकत घेतो. सरकारदरबारी त्या कागदाला चहावाली पण विचारत नाही, पण देव तो कागद वाचतात. एक अट असते. दिलेलं वय ते काम संपेपर्यंत देणाऱ्याला स्वतःसाठी वापरता येत नाही.

बापाने फोनवर त्याला धारेवर धरलं. "आपलं छप्पर गळतंय, आणि तू तुझं चांगलं वर्ष परक्या बाईच्या मोरीत घातलंस?"

"तुमच्या नातीसाठी घातलं," थुएन म्हणाला. बापाने फोन ठेवला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यातला मुहूर्त निघाला. उकडलेला कोंबडा, चिकट भात, फुलं, दारू. काकूने कागद मोठ्याने वाचला, घर थुएनला विकलं, आणि सगळ्या किल्ल्यांचा जुडगा त्याच्या हातात दिला. मग बॅग उचलून ती नदीपलीकडे बहिणीकडे गेली, मागे वळूनही न बघता, कारण बघायचं नसतं. थुएनने उदबत्त्या लावल्या आणि मोरीच्या भिंतीवर पहिला घाव घातला. त्या घावाने त्याला इतकं बरं वाटलं की होआचला त्याच्या हातातून हातोडा काढून घ्यावा लागला.

दुपारपर्यंत पाइप उघडा पडला. सांधा फुटलेला होता, आणि त्या फुटक्या सांध्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून नायलॉनच्या दोरीने करकचून बांधली होती. पट्टीखालून पाणी शांतपणे भिंतीत जात होतं. भोवतीच्या विटा बोटाने कोरता येतील इतक्या भुसभुशीत झाल्या होत्या.

"हे जुनं काम नाही," होआच म्हणाला. त्याने वरच्या टाइलमागचं सिमेंट नखाने खरवडलं. "दोनेक वर्षांचं असेल."

दोन वर्षांपूर्वी थुएन इथे राहायला आला होता. म्हणजे मोबाईलवाल्याची भिंतही पाझरत होती. काकूला माहीत होतं. ट्यूब बांधून घेतली, वर टाइल लावली, खाली रंग फासला आणि खोली भाड्याने दिली. मग तेटला पुन्हा रंग काढून दिला, तोही उपकार केल्यासारखा, आणि त्याने तिला वाकून वाकून धन्यवाद दिले होते. ते आठवून थुएनला स्वतःच्याच थोबाडीत मारावंसं वाटलं.

त्याने तिथूनच फोन लावला. "काकू, पाइपला ट्यूब कुणी बांधली?"

ती म्हणाली, "घराचं मला काही सांगू नकोस. काम संपेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, असं बजावलंय मला."

"नुसता पाइप बदलून भागत नाही. मिस्त्री म्हणतो मोरीची अख्खी फरशी उखडावी लागेल, भिंत अर्धी नवी बांधावी लागेल. खर्च कोण करणार?"

"कागद कुणाच्या नावावर आहे?"

"काय?"

"किल्ल्या कुणाकडे आहेत? उदबत्ती कुणी लावली? मग मालकानेच बघावं की. मी परकी बाई, मला काय विचारतोस?" ती हसली. मागे तिची बहीणही हसल्याचं ऐकू आलं. "तुलाच घाई होती ना."

फोन बंद झाला. होआच सगळं ऐकत होता. त्याने थापी धुतली, हातोडा पिशवीत टाकला. "दोन मालकांच्या मध्ये मला पाडू नकोस," तो म्हणाला. "ठरलं की बोलव." आणि गेला. भिंतीला हातभर भोक आणि त्यातून लोंबणारी ट्यूब मागे राहिली.

थुएन विटांच्या ढिगावर बसून राहिला. असा राग त्याला आयुष्यात आला नव्हता. बाई भित्री आहे म्हणून त्याने आपलं चांगलं वर्ष काढून दिलं, बापाच्या डोक्यावरचं छप्पर गळतं ठेवलं, आणि बाईने तेच वर्ष त्याच्या मानेवर जोखड म्हणून ठेवलं. भोळेपणाची पण हद्द असते. कर्ज काढून परक्याची मोरी बांधावी, की भोक तसंच सोडून गावी जावं आणि शाळेवर पाणी सोडावं? दोन्हीत काकूचं काहीच जात नव्हतं.

मग सोआनचा फोन आला. "तेपने दप्तर भरून ठेवलंय," ती म्हणाली. "विचारतेय, कुठल्या घरी न्यायचं?"

थुएनने हातातल्या जुडग्याकडे बघितलं.

"मालकाने बघावं," तो म्हणाला.

"काय बोलताय?"

"काही नाही. एक मिनिट थांब." तो जिना चढून तिसऱ्या मजल्यावर गेला. रस्त्याकडची कुलूपबंद खोली त्याने उघडली. मोठी खिडकी, लाकडी पलंग, उन्हाने तापलेली स्वच्छ पांढरी भिंत. त्याने भिंतीला तळहात लावला. मग गाल लावला. "तेपला घेऊन उद्या ये," तो फोनवर म्हणाला. "दप्तरासकट. आपण वर राहायचंय."

"काकू?"

"काकू परकी आहे."

सोआनने खूप प्रश्न विचारले असते, पण तिने एकच विचारला. "तिथे कोरडं आहे?"

"आहे."

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन आली. वरच्या मजल्यावरच्या देव्हाऱ्यात काकूच्या नवऱ्याचा फोटो होता. थुएनने त्याला उदबत्ती लावली आणि काय काय झालं ते सगळं सांगितलं. त्या माणसावर त्याचा राग नव्हता.

गल्लीत बातमी पोचायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकू भाड्याच्या स्कूटरवरून आली, हेल्मेट न काढताच दारापर्यंत धावली, आणि उंबऱ्याशी ब्रेक लागल्यासारखी थांबली. आत येता येत नव्हतं. वर दोरीवर तेपचे फ्रॉक वाळत होते.

"माझ्या पलंगावर झोपवलीस पोरीला?"

"माझ्या," थुएन दारात येऊन म्हणाला.

"चोर. मी चौकीत जाते. तो कागद खोटा आहे, पोरासोरांनाही माहीत आहे."

गल्लीतल्या चहावालीने किटली खाली ठेवली. समोरचे आजोबा वर्तमानपत्र घडी करून बाहेर आले. थुएनचा आवाज चढला तो चढलाच.

"जा ना. पण आधी इथेच उभं राहून मोठ्याने सांगा, कागद खोटा आहे म्हणून. भूमिदेवतेला ऐकू जाऊ दे. कागद खोटा असेल तर घर तुमचंच होतं. मग तो पहिला घाव कुणाच्या घरावर बसला, काकू? कुणाच्या वयात?"

काकूचा रंग असा उतरला की चहावाली स्टूल घेऊन पुढे आली.

"बोला," थुएन म्हणाला. "खरा की खोटा? खरा असेल तर मी माझ्या घरात राहतोय. भोकही माझंच आहे, ते मला पाहिजे तेव्हा बुजवीन. दहा वर्षांनी बुजवीन. काम संपल्याशिवाय परत विकत घेता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत."

"असं नको करू रे," समोरचे आजोबा म्हणाले.

"तिच्या ट्यूबला सांगा," थुएन म्हणाला, आणि खिशातून ती काढून त्याने काकूच्या पायाशी टाकली. काळी, बुळबुळीत, दोरीसकट. गल्लीने ती बघितली. समोरचे आजोबाही परत घरात गेले.

काकू स्टुलावर बसली. बराच वेळ हेल्मेटच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग तिने फोन काढून होआचला लावला. "सगळं कर," ती म्हणाली. "फरशी, भिंत, पाइप. माझ्याकडून घे. आजच ये."

होआच आला. नऊ दिवसांत त्याने मोरी उखडून नवी केली आणि खालची भिंत अर्धी पाडून बांधली. काकू रोज सकाळी नदी ओलांडून यायची आणि चहावालीच्या स्टुलावर बसून बंद दाराकडे बघायची. तिला घाई होती. चांद्र पंचांगाचा सहावा महिना संपत आला होता, आणि सातवा भुताखेतांचा. त्या महिन्यात कुणी घराचा व्यवहार करत नाही, खोटाही नाही. सहाव्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ती कोंबडा आणि नवा कागद घेऊनच आली.

"वाळली ना भिंत?"

"होआच म्हणतो, आतून वाळायला अजून महिना लागेल."

"वरून तर कोरडी दिसते. काम झालंय की."

"पाच महिने मी तुम्हाला हेच सांगत होतो, की वरून काय दिसतं त्याला अर्थ नाही."

"महिनाभर कुठे जाऊ मी?" ती हलक्या आवाजात म्हणाली. "बहिणीची सून मी जेवताना माझ्या ताटाकडे बघते."

थुएनला तिची दया यायला हवी होती. आली नाही. "शाळा सुरू होऊन आठवडा झाला की या," तो म्हणाला. "तोवर तेपचं नाव हजेरीत चढेल. मी घर परत विकीन. मग तुम्ही आम्हाला काढलंत तरी हरकत नाही."

"मी कशाला काढीन तुम्हाला?"

चहावाली दुसरीकडे बघायला लागली. थुएनने दार लावलं आणि तो वर गेला.

तेप दुपारची झोपली होती, लाकडी पलंगाच्या मधोमध, हातपाय पसरून. सोआन शेजारी बसून तिच्या गणवेशाची बटणं शिवत होती. तिने त्याला खुणेने जवळ बोलावलं. त्याने वाकून पोरीच्या छातीला कान लावला. शिट्टी नव्हती. नुसता श्वास येत होता, जात होता.

"तिसऱ्या दिवसापासूनच बंद झालीय," सोआन कुजबुजली. "औषधही नाही दिलं."

थुएन सरळ झाला. त्याने खोलीभर नजर फिरवली. पलंग, खिडकी, पांढरी भिंत. पोरगी इस्पितळात मुखवटा लावून बसली होती तेव्हाही ही खोली इथेच होती, त्यांच्या खालच्या खोलीच्या डोक्यावर तीन मजले, कुलूप लावलेली आणि रिकामी. त्याने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला आणि मुठीत आवळून धरला.

"काय झालं?" सोआनने विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "झोपू दे तिला."